जर्मन नागरिकत्व घेताना भारतीय नागरिकत्वाचा त्याग : पासपोर्ट, शेतजमीन आणि मुलीचा प्रश्न

कृष्णाकाठ (प्रश्न)

मी म्युनिकमध्ये नोकरी करतो. जर्मन नागरिकत्वासाठीचा माझा अर्ज मंजूर झाला असून पुढील महिन्यात प्रमाणपत्र घेण्यासाठी बोलावणे आले आहे. 27 जून 2024 पासून जर्मनीने दुहेरी नागरिकत्वाला मुभा दिल्यामुळे भारतीय नागरिकत्व सोडल्याचा पुरावा येथील कार्यालयाने मागितलेला नाही. त्यामुळे काही परिचितांचे म्हणणे असे, की भारतीय पासपोर्टची मुदत अजून बरीच शिल्लक असताना तो जमा करण्याची घाई करू नये आणि गावी जाणे-येणे त्यावरच चालू ठेवावे. मला हे पटत नाही, पण कायदा नेमका काय सांगतो हे समजून घ्यायचे आहे.

दुसरी बाब घरची आहे. वाळवा तालुक्यात वडिलांच्या नावावर ऊसाची जमीन आहे. मी परदेशी नागरिक झालो तर त्यांच्या पश्चात सातबाऱ्यावर माझे नाव लागणार नाही, असे त्यांना कोणीतरी सांगितले आहे आणि तेव्हापासून ते अस्वस्थ आहेत. पत्नी भारतीय नागरिकच राहणार आहे. मुलीचा जन्म येथला असला तरी तिच्याकडे केवळ भारतीय पासपोर्ट आहे. तिच्यासाठीही अर्ज करावा का?

रानवाट

आपल्याला जे पटत नाही, ते न पटणेच योग्य आहे. जर्मनीने मुभा दिली ती जर्मन कायद्यापुरती, भारताने ती दिलेली नाही. राज्यघटनेचा अनुच्छेद 9 आणि नागरिकत्व अधिनियम, 1955 चे कलम 9 या दोन्हींचा रोख एकच आहे: स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व आपोआप संपते. जर्मन कायद्यानुसार प्रमाणपत्र हाती पडते त्याच क्षणी माणूस जर्मन नागरिक होतो. म्हणजे त्या सकाळी आपण भारतीय म्हणून कार्यालयात जाल आणि बाहेर पडताना भारतीय नसाल, मग खिशातल्या पासपोर्टवर मुदतीची तारीख कोणतीही असो. त्यानंतर त्या पासपोर्टवर प्रवास करणे हा पासपोर्ट अधिनियम, 1967 खाली अपराध ठरतो, आणि पुढे पासपोर्ट जमा करताना त्याचा दंड भरावा लागतो.

व्यवहारातही तो मार्ग चालत नाही. नागरिकत्व मिळताच जर्मनीतला आपला निवास परवाना निरर्थक होतो, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर गावी गेलात तरी परत येताना दाखवायला काही उरत नाही.

म्हणून क्रम असा ठेवावा. भारतीय पासपोर्टच्या सर्व पानांच्या प्रती आजच काढून ठेवा. प्रमाणपत्र मिळाल्यावर प्रथम जर्मन पासपोर्ट घ्या. मग वाणिज्य दूतावासाकडे नागरिकत्व त्यागाचा अर्ज मूळ भारतीय पासपोर्टसह दाखल करा. पासपोर्ट रद्द होऊन त्यागाचे प्रमाणपत्र मिळते आणि त्याच्याच आधारे ओसीआय कार्डाचा (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांसाठीच्या कार्डाचा) अर्ज करता येतो. या सगळ्याला काही आठवडे सहज लागतात, तेव्हा त्या काळात गणपती किंवा लग्नकार्य येत असेल तर प्रमाणपत्राची तारीख पुढे मागून घेणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

शिवार

वकिलीच्या कामात जमिनीविषयीचा हा गैरसमज मला वारंवार भेटतो आणि त्यापायी वडीलधाऱ्या माणसांची झोप उडालेली पाहून वाईट वाटते. आपल्या वडिलांना निःशंकपणे सांगा की वारसाहक्क नागरिकत्वाबरोबर संपत नाही. हिंदू उत्तराधिकार कायदा वारस ठरवताना पासपोर्ट विचारत नाही, आणि परकीय चलन व्यवस्थापन अधिनियम, 1999 च्या कलम 6(5) नुसार भारतात राहणाऱ्या व्यक्तीकडून वारशाने आलेली स्थावर मालमत्ता परदेशस्थ व्यक्तीला धारण करता येते. वारसनोंद होईल, फेरफार मंजूर होईल आणि सातबाऱ्यावर आपले नाव लागेल.

बंधन आहे ते नवी शेतजमीन विकत घेण्यावर. ओसीआय कार्डधारकाला शेतजमीन, मळे किंवा फार्महाउस खरेदी करता येत नाही, आणि वारशाने आलेली शेतजमीन विकायची झाल्यास ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. महाराष्ट्रात तर घेणारा शेतकरी असणेही साधारणपणे आवश्यक असते. वडिलांच्या हयातीतच बक्षीसपत्राने जमीन आपल्या नावे करण्याचा विचार घरात चालू असेल, तर तो व्यवहार वारशात मोडत नाही हे ध्यानात ठेवा आणि प्रमाणपत्र स्वीकारण्यापूर्वी तालुक्यातल्या जाणत्या वकिलाला कागद दाखवा.

मतदार यादीत नाव असेल तर तेही नमुना 7 भरून वगळून घ्यावे. अनिवासी भारतीयाला गावी येऊन मतदान करता येते, पण नागरिकत्व गेल्यावर तो अधिकार राहत नाही, आणि या निर्णयात खऱ्या अर्थाने जे जाते ते हेच आहे असे मला वाटते.

मायमावशी

मुलीबाबत मात्र थांबावे, असे मी आग्रहाने सांगेन. नागरिकत्व अधिनियमाच्या कलम 8 खाली घोषणा करून नागरिकत्व सोडणाऱ्याचे अज्ञान मूलही नागरिकत्व गमावते, परंतु त्याला सज्ञान झाल्यावर एका वर्षाच्या आत घोषणा करून ते परत मिळवता येते. अनेक पालक या तरतुदीच्या भरवशावर राहतात. ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की ही सवलत कलम 8 पुरतीच आहे. परदेशी नागरिकत्व घेतल्यामुळे ज्या पालकांचे नागरिकत्व कलम 9 खाली आपोआप संपले, त्यांच्या मुलांना ती मिळत नाही. आपले प्रकरण कलम 9 मधलेच आहे.

मुलीचा अर्ज आताच करण्याची सक्ती नाही. आई भारतीय राहणारच आहे, तेव्हा मुलगीही भारतीय पासपोर्टवर आणि येथील निवास परवान्यावर वाढू शकते. हा निर्णय तिच्या आयुष्याचा आहे, आणि तो समजण्याइतकी ती मोठी झाल्यावर तिच्याशी बोलून घेता आला तर तिच्यावर अन्याय होणार नाही.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. शिवार यांचे उत्तर वडिलांना फोनवर वाचून दाखवले. त्यांचा पुढचा प्रश्न असा, की निवृत्तीनंतर गावी कायमचे परतायचे ठरवले तर नागरिकत्व पुन्हा मिळू शकते का?

रानवाट

मिळू शकते. नागरिकत्व अधिनियमाच्या कलम 5(1)(छ) नुसार, ओसीआय म्हणून नोंदणी होऊन पाच वर्षे झालेली आणि अर्जापूर्वी बारा महिने भारतात सामान्यतः वास्तव्य केलेली व्यक्ती नोंदणीद्वारे नागरिकत्वासाठी अर्ज करू शकते. मात्र तेव्हा जर्मन नागरिकत्व सोडावे लागेल, आणि मंजुरी शासनाच्या अधिकारात असते. म्हणूनच ओसीआय कार्डाचा अर्ज लांबणीवर टाकू नका, कारण ही पाच वर्षे त्या नोंदणीपासून मोजली जातात.