रोज अकराच्या आधी टीव्ही जातोय, अजून कुणाचा?

ए-१०३: फ्री डिश कुणाकुणाकडे आहे? आमचा टीव्ही आज सलग तिसऱ्या दिवशी गेला. अकराला दहा कमी असताना चित्राचे चौकोन चौकोन होतात, आवाज तुटक तुटक, मग सरळ नो सिग्नल. सासूबाई सह्याद्री लावून बसलेल्या असतात, की मला हाक

बी-२०२: वायर काढून परत लावा

ए-१०३: झालं ते सगळं. गंमत म्हणजे दहा मिनिटांनी आपोआप येतं. काल माणूस बोलावला तर तो आला साडेचारला, तेव्हा सगळं झकास. तरी एलएनबी, म्हणजे छत्रीच्या पुढ्यात दांडीवर असतो तो छोटा डबा, बदलावा लागेल म्हणाला आणि नुसत्या यायचे तीनशे घेऊन गेला

बी-३०४ काका: समोरच्या बिल्डिंगवर मोबाईलचा टॉवर बसवलाय त्याचा प्रताप आहे हा. मी मीटिंगमध्ये तेव्हाच बोललो होतो

सेक्रेटरी: काका तो विषय परत नको, प्लीज

ए-४०१ आजोबा: सिंहगडावरच्या टॉवरवरून दूरदर्शन पकडायचो तेव्हा खाली कुणी स्कूटरला किक मारली की पडद्यावर ठिपक्यांची रांग आणि शेजारी मिक्सर लागला की आडव्या रेघा. मी गच्चीत अँटेना धरून उभा, ही खिडकीतून ओरडणार आलं आलं, की मी हात काढला की गेलं. वर कावळा बसून तोंड फिरवायचा तो वेगळाच. यांच्याकडे त्या वेळी कुणाचा मिक्सर चालू असतो का बघा

सी-४०२: आजोबा, ते गडावरून येणारं साधं सिग्नल होतं त्यामुळे मिक्सरची खरखर त्यात मिसळायची. छत्रीला मिक्सर शक्यतो काही करत नाही. ताई, उद्या जाईल तेव्हा रिमोटवरून मेनूत जाऊन सिग्नलचा पडदा उघडा आणि दोन पट्ट्या बघा, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. फोटो टाका

ए-१०३: बरं

(दुसऱ्या दिवशी, १०:५४)

ए-१०३: गेला!! फोटो टाकलाय. स्ट्रेंथ तशीच आहे उलट जरा जास्तच वाटतेय, क्वालिटी शून्य

सी-४०२: मग सूर्य आहे तो

बी-२०२: म्हणजे?

सी-४०२: म्हणजे खरोखरचा सूर्य. वायर तुटली असती किंवा एलएनबी गेला असता तर स्ट्रेंथपण पडली असती आणि दहा मिनिटांनी शहाण्यासारखी परत आली नसती. आपली फ्री डिशची छत्री ९३.५ अंश पूर्व रेखांशावरच्या सॅटेलाइटकडे बघते, आग्नेयेला, चांगली वर. आता ऑक्टोबरच्या सुरुवातीला रोज थोडा वेळ सूर्य बरोबर त्या सॅटेलाइटच्या पाठीमागे येतो, आणि सूर्यातून सगळ्याच फ्रिक्वेन्सीवर नुसती खरखर येत असते. सॅटेलाइट ३६ हजार किलोमीटरवर, त्याचा बिचाऱ्याचा आवाज त्यात बुडतो. स्ट्रेंथ म्हणजे जे काय आत आलं ते सगळं मोजलेलं, कामाचं किती ते क्वालिटी सांगते. आठवडाभर चालेल, मग मार्चमध्ये परत, तेव्हा अकराच्या थोडं पुढे

बी-३०४ काका: टॉवरचं काय मग

सी-४०२: काका टॉवर काय दहा मिनिटं ड्युटी करतो का

डी-१०२: आमची पैसे भरायची छत्री आहे, तिचं काल पावणेबाराला गेलं होतं. मला वाटलं रिचार्ज संपला, करून बसले

सी-४०२: तुमचा सॅटेलाइट वेगळा, त्याच्या पाठीमागे सूर्य उशिरा पोचतो. प्रत्येकाची वेळ वेगळी

बी-२०२: माझं तर दिवसभर मधेमधे जातं आणि थोडा पाऊस आला तरी

सी-४०२: तुमचं सूर्यावर ढकलू नका. छत्रीपाशी वायरचं टोक उघडून बघा, तांब्याची तार हिरवी पडली असेल तर पाणी गेलंय. ते टोक कापून नवीन कनेक्टर लावा आणि वरून टेप. वायर आधी खाली झोळ देऊन मग वर चढवा म्हणजे पाणी झोळावरून टपकतं, कनेक्टरमध्ये जात नाही

सेक्रेटरी: गच्चीवर जायचं तर रजिस्टरला सही करून चावी न्या. आणि जिन्यात ज्यांनी कुंड्या ठेवल्यात त्यांनी आजच्या आज उचला

(त्याच्या दुसऱ्या दिवशी, १०:५१)

बी-३०४ काका: मी गच्चीवर आहे, छत्रीच्या बाजूला उभा. एलएनबीच्या टोपीवर उजेडाचा मोठा ठिपका पडलाय, छत्रीवरून परतलेला. टोपी चांगली कोमट लागतेय. ताई खाली टीव्ही बघा

ए-१०३: गेला काका. चौकोन सुरू

बी-३०४ काका: ठिपका हळूहळू सरकतोय. अजून आहे... आता टोपीच्या कडेला आला

ए-१०३: आवाज आला! चित्र अडकतंय अजून

बी-३०४ काका: उतरला

ए-१०३: आलं!! सासूबाई म्हणतात काकांना सांग तिथेच थांबा, हात काढू नका

ए-४०१ आजोबा: हात लावलाय का त्याने?

सी-४०२: ताई, ते एलएनबीचं रद्द करा तेवढं

ए-१०३: केलंय कालच. तीनशे मात्र गेले

सेक्रेटरी: काका चावी. रजिस्टरला तुमची सही नाहीये