जुन्या पिकअपचे पुढचे पाटे: जाड घालावेत की मूळ मापाचेच नवे?

मिरकरवाडा

नमस्कार मंडळी. माझ्या जुन्या पिकअपला पुढच्या बाजूलाही सरळ अ‍ॅक्सल आणि पाटे (एकमेकांवर रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग) आहेत, गाडी फोर बाय फोर आहे, आणि इंजिन व गिअरबॉक्स अजून ठणठणीत असल्यामुळे ती विकण्याचा विचार नाही. आंब्याच्या हंगामात पावस आणि पूर्णगडकडच्या बागांमधून पेट्या आणायच्या आणि एरवी बर्फात भरलेली मासळी मिरकरवाडा बंदरातून आंबा घाटाने कोल्हापूरला न्यायची, असे तिचे काम आहे.

अलीकडे गाडीचा पुढचा भाग बसला आहे. रिकामी गाडी सपाट फरशीवर उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत अंतर मोजले, तेव्हा ड्रायव्हरची बाजू दुसऱ्या बाजूपेक्षा सुमारे एक इंच खाली भरली. भरलेल्या गाडीने घाट उतरताना ब्रेक दाबला की नाक खाली जाते आणि अ‍ॅक्सल बंप रबरावर (चॅसीखालच्या रबरी ठोकळ्यावर) आदळल्याचा आवाज येतो. पुढे प्रत्येक बाजूला 7 मिमी जाडीचे सहा पाटे आहेत, त्यांच्या फटींतून गंजाचे पापुद्रे सुटत आहेत, आणि शॅकल (पाट्याचे टोक चॅसीला जोडणारी हलती कडी) पाट्याच्या पुढच्या टोकाला आहे.

इथल्या पाटेवाल्यांकडून तीन उपाय ऐकायला मिळाले. आहेत तेच पाटे ठोकून त्यांना पुन्हा कमान द्यावी, हा पहिला. सगळे पाटे 8 मिमीचे घालावेत म्हणजे कायमची कटकट मिटेल, हा दुसरा. आणि पाट्यांना हात न लावता लांब शॅकल लावून गाडी उचलून घ्यावी, हा तिसरा आणि सर्वांत स्वस्त. जून आणि जुलै या मासेमारीबंदीच्या काळात गाडी उभीच असते, तेव्हा हे काम करून घ्यायचे आहे. पुढच्या पाट्यांचे काम स्वतः केलेल्या किंवा करवून घेतलेल्या मंडळींनी कृपया कारणांसह सांगावे.

लांजा वर्कशॉप

तुम्ही माप घेऊन विचारले आहे, त्यामुळे नेमके उत्तर देता येते. तरीही पाटे मागवण्यापूर्वी आणखी एक माप घ्या. चारही चाकांच्या मध्यातून जमिनीवर ओळंबा सोडून खुणा करा आणि पुढच्या व मागच्या खुणेतले अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. एका बाजूला ते कमी-जास्त भरले तर अ‍ॅक्सल जागचा सरकला आहे असे समजावे. सगळे पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचे डोके अ‍ॅक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसते आणि त्यामुळेच अ‍ॅक्सलची जागा ठरते; पाटे अ‍ॅक्सलला आवळून धरणारे यू बोल्ट सैल पडले की सगळा मार त्या एका बोल्टावर येतो आणि तो कापला जातो. पाटासुद्धा पुष्कळदा त्या भोकापाशीच तडकतो, आणि ती चीर यू बोल्टांच्या प्लेटखाली झाकलेली असल्याने गाडीखाली झोपून पाहिले तरी दिसत नाही. दोन्ही बाजूंचे पाटे सारखेच जुने असताना एका बाजूला एक इंच फरक पडला आहे, म्हणजे त्या बाजूचा एखादा पाटा आत तुटलेला असावा, असा माझा अंदाज आहे. संच खोलून प्रत्येक पाटा वेगळा केल्याशिवाय पुढचा निर्णय घेऊ नका.

आता 8 मिमीच्या पाट्यांविषयी. एका मिलिमीटरने काय होणार, असे ऐकताना वाटते, परंतु पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. सातचा घन 343 आणि आठचा 512, म्हणजे लांबी, रुंदी आणि पाट्यांची संख्या तीच ठेवून नुसती जाडी बदलली तरी पुढचा भाग जवळजवळ दीडपट कडक होईल. हा कडकपणा तुमच्या कामाला उपयोगी पडणार नाही, कारण पेट्या असोत वा मासळी, पिकअपमध्ये भरलेल्या मालाचा बहुतेक भार मागच्या अ‍ॅक्सलवर जातो आणि पुढच्या पाट्यांवर मुख्यतः इंजिनाचे व केबिनचे वजन असते. परतीच्या प्रवासात गाडी रिकामी असते. तेव्हा असे पाटे लवतच नाहीत, खड्ड्यावरून चाक रस्ता सोडून उडते, आणि पावसात घाटाच्या वळणावर ब्रेक व स्टिअरिंग दोन्हींना पकड हवी असते नेमकी त्याच वेळी ती मिळत नाही. शिवाय ब्रेक लावल्यावर पुढच्या चाकांवर किती वजन सरकणार हे गाडीचे एकूण वजन, त्या वजनाची उंची, दोन अ‍ॅक्सलमधले अंतर आणि ब्रेकचा जोर यांवर ठरते. पाटे कडक केल्याने ते वजन घटत नाही, फक्त नाक कमी वाकते. नाक झपकन खाली जात असेल तर शॉकअप संपले आहेत का, हे आधी पाहावे.

ठोकून दिलेली कमान मी सुचवणार नाही. थंड पाट्यावर घण मारून त्याला वळवता येते, पण एकदा थकून बसलेले पोलाद थोड्याच काळात पुन्हा बसते. हे काम नीट करायचे तर पाटा भट्टीत तापवून, कमानीत दाबून, तेलात विझवून पुन्हा ठरलेल्या तापमानाला तापवून टेंपर करावा (ठिसूळपणा घालवावा) लागतो, आणि तापमानावर ताबा ठेवता येईल अशी भट्टी रस्त्याकडेच्या दुकानात नसते. नव्या पाट्यावर कारखान्यात बारीक पोलादी गोळ्यांचा मारा करतात. त्यामुळे पृष्ठभाग दाबाखाली राहतो आणि चीर सुरू होण्यास वेळ लागतो. घणाच्या प्रत्येक खुणेमुळे त्या पृष्ठभागाला इजा होते.

लांब शॅकलला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. शॅकल जितकी लांब कराल त्याच्या साधारण निम्मीच उंची अ‍ॅक्सलपाशी मिळते. तुमची शॅकल पुढच्या टोकाला असल्यामुळे ती लांब केली की पाट्याचे पुढचे टोक खाली जाते, अ‍ॅक्सल पुढे कलंडतो आणि किंगपिनचे (चाक ज्या खिळीभोवती वळते तिचे) वरचे टोक पुढे येऊन कॅस्टर, म्हणजे त्या खिळीचा मागे असलेला कल, कमी होतो. वळणातून बाहेर पडताना स्टिअरिंग आपोआप सरळ होते ते या कॅस्टरमुळे. तो गेला की सरळ रस्त्यावरही गाडी डावी-उजवीकडे भटकते आणि चालकाचे हात सतत स्टिअरिंगशी झगडत राहतात. अ‍ॅक्सल आणि पाट्यामध्ये पाचर घालून कॅस्टर परत आणता येतो हे खरे, पण नव्या पाट्यांनी मूळ उंची मिळत असताना एक बिघाड करून त्यावर दुसरा उपाय कशाला करायचा?

माझे मत असे की दोन्ही बाजूंना मूळ मापाचे, चांगल्या स्प्रिंग पोलादाचे नवे संच घालावेत. एन 45 किंवा सूप 9 ही नावे दुकानात सर्रास चालतात. कोणते पोलाद आहे ते बिलावर लिहून घ्या. मेन (सर्वांत वरच्या) पाट्याच्या डोळ्याभोवती (टोकाच्या गोल वळणाभोवती) दुसऱ्या पाट्याची वळणी येते की नाही, हेही पाहा. मेन पाट्याचा डोळा तुटला तर अ‍ॅक्सल त्या वळणीमुळे जागेवर राहतो, म्हणून मूळ संचात ती असेल तर नव्या संचात असलीच पाहिजे. पुढे जड लोखंडी गार्डसारखे कायमचे वजन बसवले असेल, तर त्याच जाडीचा एक पाटा वाढवणे पुरेसे आहे. सहाचे सात झाले की कडकपणा ढोबळमानाने एक षष्ठांशाने वाढतो आणि गाडीला तो सोसतो.

देवगड किनारा

वरील सल्ला योग्य आहे, परंतु किनाऱ्यावरच्या गाडीसाठी त्याआधीचे एक काम सांगणे मला अगत्याचे वाटते. बंदराच्या जेटीवर कायम खारे पाणी साचलेले असते आणि चाकांनी उडवलेले ते पाणी थेट हँगरच्या (पाट्याचे टोक चॅसीला धरणाऱ्या कंसाच्या) मागे, चॅसीच्या घडीत जाऊन बसते. वरून रंग शाबूत दिसतो आणि आतला पत्रा कागदासारखा झालेला असतो. पाटे उतरवल्यावर चॅसीचा तो भाग तारेच्या ब्रशने घासून प्रत्येक हँगरच्या भोवती टोकदार हातोडीने ठोकून पाहा. खणखणीत आवाज आला तर पुढे जा. आवाज बद्द आला किंवा टोक आत रुतले, तर पाट्यांचे पैसे आधी चॅसीवर खर्च करा. कुजलेल्या हँगरवर नवा ताठ संच बसवला की तुटण्याची जागा पाट्यावरून चॅसीवर सरकते, आणि घाटात ते कितीतरी अधिक धोक्याचे आहे. चॅसीला वेल्डिंग करावे लागलेच तर पाटे पूर्ण उतरवून ठेवावेत, कारण पाट्यावर वेल्डिंगची ठिणगी पडली तरी तिथला टेंपर जातो आणि पाटा त्याच ठिपक्यापासून तडकू शकतो.

दुसरी गोष्ट पाट्यांमधल्या गंजाची. भार आला की प्रत्येक पाट्याची वरची बाजू ताणली जाते, आणि मेन पाट्याखालच्या प्रत्येक पाट्याची वरची बाजू नेमकी फटीत दडलेली असते. तिथे गंजाने पडलेल्या बारीक खड्ड्यांपासून चिरा सुरू होतात. म्हणून नवा संच आला की तसाच बसवू नका. तो सुटा करून प्रत्येक पाट्याला जस्तयुक्त प्रायमर लावा, तो पूर्ण वाळू द्या, आणि पाटे एकमेकांवर घासतात तिथे ग्रॅफाइट ग्रीसचा पातळ हात देऊन मगच जुळवा. ग्रीस जाड थापू नये, कारण किनाऱ्यावरची वाळू त्यात चिकटते आणि पाटे झिजवते. मासळी उतरवली की गाडीची खालची बाजू गोड्या पाण्याने धुण्याची सवय चालकाला लावा. माझ्या अनुभवात कोणत्याही महागड्या कोटिंगपेक्षा याचा उपयोग अधिक होतो.

मिरकरवाडा

दोघांचेही मनापासून आभार. ओळंबा सोडून मोजले. ड्रायव्हरच्या बाजूचे अंतर दुसऱ्या बाजूपेक्षा थोडे कमी आहे, त्यामुळे सेंटर बोल्टाचा संशय बळावला आहे. 8 मिमीचा आणि लांब शॅकलचा विचार सोडला. आता दोन शंका आहेत. संच बसवताना बुश (पाट्याच्या डोळ्यात बसणाऱ्या नळ्या) रबराचे घ्यावेत की पितळी? आणि मूळ मापाचे पाटे घातले तर पासिंगच्या वेळी काही अडचण येईल का?

खेड परिवहन

पासिंगपुरते उत्तर देतो. मूळ मापाचे सुटे भाग बदलणे ही दुरुस्ती आहे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 चा प्रश्न येतो तो नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल केल्यावर. तुमची गाडी आठ वर्षांहून जुनी असल्यास फिटनेस दरवर्षी करावा लागतो, तेव्हा पाट्यांचे बिल कागदपत्रांसोबत ठेवा. मात्र पाटे नवे झाले म्हणून आरसीवरील एकूण वजनाची मर्यादा वाढत नाही. जादा भारासाठी कलम 194 खाली 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे 2,000 रुपये दंड आहे, शिवाय जादा माल उतरवून घ्यावा लागतो. मासळीच्या गाडीला तो खोळंबा दंडाहून महाग पडतो.

लांजा वर्कशॉप

बुश मूळचे जसे असतील तसेच घ्या. ग्रीस निपल असलेली पिन आणि धातूचा बुश असेल तर तोच ठेवा आणि बंदरावरच्या कामामुळे ग्रीसिंग नेहमीपेक्षा लवकर करा. रबरी बुश असतील तर त्यांना ग्रीस किंवा तेल अजिबात लावू नका, रबर फुगून खराब होते.

बसवताना एक क्रम पाळा. यू बोल्ट नवेच घ्या. एकदा ताणले गेलेले यू बोल्ट पुन्हा तितका ताण धरत नाहीत. गाडी स्टँडवर असताना शॅकलचे आणि डोळ्याचे बोल्ट हाताने बसतील इतकेच बसवा. मग गाडी चाकांवर उतरवा, पुढचा भाग हाताने दाबून दोन-चार वेळा हलवा, आणि पाटे आपल्या उंचीला स्थिरावल्यावर ते आवळा. चाके लोंबकळत असताना आवळलेला रबरी बुश गाडी खाली येताच पिळला जातो आणि काही महिन्यांत फाटतो. यू बोल्ट आडवे-तिडवे, थोडे थोडे करत, टॉर्क पान्याने गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापापर्यंत आवळा आणि सुमारे 500 किलोमीटर झाल्यावर पुन्हा तपासा, कारण नवे पाटे आणि रंगाचे थर दबले की ते हमखास सैल पडतात. उंची परत आल्यावर चाके पूर्ण लोंबकळवून ब्रेकचा होज ताणला जात नाही ना, हे पाहा, शॉकअपची जोडी एकत्रच बदला, आणि अलाइनमेंट करून मगच गाडी भरायला काढा. जुना संच खोलल्यावर पाटा कुठे तुटलेला निघाला ते इथे अवश्य लिहा; सेंटर बोल्टच्या भोकापाशी निघाला तर मागच्या पाट्यांचे यू बोल्टही त्याच आठवड्यात तपासून घ्यावेत.