झाडीपट्टीच्या नाटकात हुल्लडबाजी कशी आवरायची? मदत हवी आहे

पटाचं_मंडळ

नमस्कार मंडळी. आमचं गाव ब्रह्मपुरी तालुक्यात, झाडीपट्टीत म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात. शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) रात्री वडशाच्या (देसाईगंजच्या) नाटक कंपनीचं नाटक ठेवतो. हजार-बाराशे माणूस येते, त्यात निम्मी बाहेरगावची. मंडप धान निघालेल्या बांधीत (शेतात) असतो.

मागच्या हंगामात फार त्रास झाला. स्टेजला खेटून बसलेली पोट्टी (पोरं) गंभीर प्रवेशातही शिट्ट्या मारून "डान्स लावा" म्हणून ओरडत होती. मागून लोक उभे राहून पुढे सरकत गेले. मध्यंतरानंतर कनात उचलून फुकटे आत शिरले. काही जण पिऊन आले होते. हटकलं तर भांडण, न हटकावं तर बाया-बापड्या उठून जातात. कलाकार रात्रभर जीव ओततात आणि आपल्या गावात त्यांचं असं व्हावं, हे मनाला लागलं. यंदा काय करावं? बाउन्सर आणायला पैसा नाही.

बांधीतला_पेंडॉल

भाऊ, बाउन्सर लागत नाहीत. निम्मी हुल्लड मंडपाच्या आखणीतून होते. बांबू गाडायच्या आधी हे ठरवून घ्या.

स्टेजपासून 8 ते 10 फूट मोकळे सोडा आणि तिथे आडवी बल्ली (लाकडी वासा) बांधा. उंची अडीच फूट पुरे. स्टेज चार फुटांचं असलं तर सतरंजीवर बसलेल्याच्या नजरेआड काही येत नाही. बल्ली दोरीवर ठेवू नका, दर 5 फुटांवर खुंटा गाडून तारेनं आवळा, कारण गर्दीचा रेटा आला की दोरी ढिली पडते आणि बल्ली वाकते. मधल्या जागेत वाद्यवाले आणि दोन्ही कोपऱ्यांत एकेक स्वयंसेवक. स्टेजला हात टेकता आला नाही की अर्धी मस्ती तिथेच थांबते.

खुर्च्यांची रांग लांब करू नका. एका रांगेत बारा, फार तर चौदा, आणि दोन्ही टोकांना वाट. तीस खुर्च्यांच्या रांगेत मधला एक जण ओरडला तर त्याच्यापर्यंत जायला पंधरा माणसं उठवावी लागतात, मग त्याच्यापेक्षा तुमचाच गोंधळ मोठा होतो. मधली वाट 6 फूट, कडेच्या 4 फूट. चार-चार खुर्च्यांचे पाय सुतळीनं एकमेकींना बांधा. बांधलेली खुर्ची उचलून फेकता येत नाही आणि रांगही पुढे सरकत नाही.

बांधीचा धुरा (बांध) मंडपात येत असेल तर फोडून सपाट करा. लोक धुऱ्यावर उभे राहतात, मागच्यांना दिसत नाही, मग तेही उभे राहतात. पुढे सरकणं तिथून सुरू होतं. धसकटं आधी कापून घ्या, नाहीतर खाली कोणी बसत नाही. बसायला तणस (धानाचा पेंढा) पसरत असाल तर मंडपात बिडी-काडी पूर्ण बंद ठेवा. वाळलेलं तणस एका ठिणगीनं पेटतं. दर कोपऱ्यात वाळूची एक आणि पाण्याच्या दोन बादल्या हव्याच. बाहेर पडायच्या वाटा कमीत कमी दोन असाव्यात, आणि कितीही फुकटे आले तरी त्या बांधून टाकू नका.

पटाचं_मंडळ

हे सगळं जमण्यासारखं आहे. उजेडाचं काय करावं? अंधार झाला की शिट्ट्या वाढतात, आणि लोक मोबाइलचा टॉर्च मारत जागा शोधतात.

बांधीतला_पेंडॉल

वाटांवर 9 वॅटचे पिवळे एलईडी लावा. वर डब्याची टोपी करा म्हणजे उजेड फक्त जमिनीवर पडेल. वाट दिसली की टॉर्च निघत नाही. प्रेक्षकांवर एक फोकस वेगळ्या बटणावर ठेवा. ज्या कोपऱ्यात गडबड असेल तिथे चार-पाच सेकंद उजेड पाडा आणि बंद करा. एक शब्दही बोलायचा नाही. उजेडात ओळखीचे चेहरे दिसले की पोट्टे दबतात. फोकस कलाकारांच्या डोळ्यांवर जाणार नाही, हे दिवसाच पाहून घ्या.

वाटांचे दिवे आणि अनाउन्सरचा माइक इन्व्हर्टरवर ठेवा. लाइन गेल्यावर जनरेटर उचलेपर्यंत अर्धा-एक मिनिट जातं, आणि खडे-चपला त्याच मिनिटात उडतात.

फुकट्यांसाठी गेटवर बांबूची 3 फुटांची चिंचोळी वाट करा. मध्यंतरात बाहेर जाणाऱ्याच्या मनगटावर शाईचा शिक्का मारा. अर्धं तिकीट कनातीवरून मित्राला देता येतं, मनगट देता येत नाही. कनातीची खालची कड मातीत दाबली की उचलताही येत नाही.

गेटवरचा_भाऊ

स्वयंसेवकांबद्दल लिहितो. शंभर प्रेक्षकांमागे एक धरा, गेटवरचे चार वेगळे. त्या रात्री एकानंही दारू घेतलेली नसावी, यात सूट नाही. दोघा-दोघांच्या जोड्या करा, एक तरुण आणि एक चाळिशीपुढचा.

ओरडणाऱ्यापुढे उभं राहून बोट दाखवू नका. चार मित्रांसमोर तोंडावर पडायला कोणी तयार नसतो, तो आवाज वाढवणारच. शेजारी किंवा मागे बसा आणि हळू आवाजात नात्यानं बोला: "भाऊ, एवढा प्रवेश होऊ द्या, पुढे गाणं आहे." काय करू नको, यापेक्षा काय होणार ते सांगितलं की माणूस ऐकतो. दुसऱ्यांदा ओरडला तर त्याच्या टोळीतल्या शांत मित्राला खूण करून बाहेर बोलवा आणि जबाबदारी त्याच्यावर द्या. तिसऱ्यांदा तिकिटाचे पैसे हातात ठेवून दोघांनी बाहेर न्या, तेही प्रवेश बदलताना किंवा गाणं चालू असताना. ऐन रडण्याच्या प्रवेशात उठाठेव करू नका. फक्त मारामारी झाली किंवा बाईमाणसाला कोणी हात लावला तर थांबायचं नाही, त्याच क्षणी उठायचं. कॉलर धरायची नाही आणि कोणाचा मोबाइल हिसकायचा नाही. भांडण मोबाइल हिसकण्यावरूनच पेटतं.

बाहेरगावच्या पोरांना तुमच्या गावचा माणूस चालत नाही. आजूबाजूच्या गावांचे पोलीस पाटील आणि तंटामुक्त समितीच्या अध्यक्षांना पास देऊन त्यांच्या-त्यांच्या गावची पोरं बसतात तिथेच बसवा, पहिल्या रांगेत सोफ्यावर नको.

पिऊन आलेल्याला गेटवरच तिकीट देऊ नका, वाद न घालता पैसे परत करा. पण त्याला एकट्याला रस्त्यावर सोडू नका. थंडीच्या रात्री पिलेला माणूस धुऱ्यावर किंवा तलावाच्या पाळीवर पडला तर सकाळ पाहत नाही. सोबत्याच्या ताब्यात द्या नाहीतर घरी फोन लावा. ओकत असेल तर कुशीवर निजवा. हलवूनही जागा होत नसेल तर 108 ला फोन करा.

वैनगंगाकाठची

बायांच्या बसण्याबद्दल कोणी लिहिलं नाही. त्यांचा भाग समोरपासून मागेपर्यंत एका बाजूला सलग ठेवा, दोन पुरुष भागांच्या मधात नको. वाट वेगळी, गेट वेगळं, आणि मुतारीपर्यंत उजेड. बाया रात्री उठून जातात त्याचं कारण पुष्कळदा हेच असतं, अंधारात बाहेर जायला भीती वाटते म्हणून त्या आधीच घर गाठतात. त्या भागात स्वयंसेवक बायाच ठेवा, बचत गटाला विचारा. उभं राहणाऱ्यांची जागा या भागामागे देऊ नका.

दुसरं, कलाकार बायांचा रंगपट (कपडे बदलायची, रंगायची जागा). नुसत्या कापडाची कनात लावता आणि आतला बल्ब मधोमध टांगता. बल्ब आणि कापडाच्या मधात माणूस आला की सावली बाहेरच्या बाजूला स्पष्ट उमटते, आणि तिकडे पोट्टे गोळा होतात. बाहेरून ताडपत्री लावा, आणि बल्ब आतून ताडपत्रीला लागून उंचावर ठेवा म्हणजे सावली आतल्या बाजूला पडेल. दिवस मावळल्यावर एकानं आत उभं राहायचं, दुसऱ्यानं बाहेरून फेरी मारून पाहायचं. रंगपटामागे रात्रभर दोन माणसं हवीत.

बक्षिसाची नोट कोणीही स्टेजवर जाऊन देणार नाही, हे पक्कं करा. बाजूला टेबल ठेवा, नाव लिहून घ्या, प्रवेश संपल्यावर अनाउन्सर वाचेल.

पटाचं_मंडळ

ताई, रंगपटाचं हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं. यंदा नक्की करतो. "वन्स मोअर" आणि डान्सचं काय? नाही म्हटलं तर पोट्टे भडकतात.

पडद्यामागून

कंपनीशी बोलतानाच लिहून घ्या: डान्स किती, कोणत्या प्रवेशानंतर, आणि वन्स मोअर द्यायचा की नाही हे कोण ठरवणार. माझ्या मते तो अधिकार कंपनीच्या दिग्दर्शकाकडेच असावा, मंडळाकडे नको. मंडळानं एकदा ओरड्यावर वन्स मोअर दिला की ओरडलं की मिळतं हे पोरांना कळतं, आणि पहाटेपर्यंत तेच चालतं. सुरुवातीलाच अनाउन्सरनं सांगावं की गाणी आणि डान्स ठरल्या जागी होणारच आहेत.

स्टेजवरून माइकवर कोणाला रागावू नका. नाव घेऊन बोललं की बाराशे लोक मागे वळून पाहतात आणि त्या पोट्ट्याला तेच हवं असतं. फार झालं तर कलाकारांनी जागेवर थांबावं, वाद्यंही थांबवावीत. शांतता पसरली की आजूबाजूचे प्रेक्षकच त्याला गप्प करतात. रात्रीतून एकदाच वापरा, दुसऱ्यांदा त्याचा जोर राहत नाही.

व्हिडिओबद्दल: नांदीच्या वेळी फोटो काढू द्या, नंतर मोबाइल खिशात. तेच नाटक कंपनीला होळीपर्यंत गावोगाव करायचं असतं.

गेटवरचा_भाऊ

वन्स मोअरबद्दल थोडं वेगळं मत. झाडीपट्टीत गाण्याला वन्स मोअर ही प्रेक्षकांची दाद आहे, ती पूर्ण बंद केली तर जाणता रसिकही नाराज होतो. पदाला द्या, डान्सला नको.

पडद्यामागून

हे पटतं. पदाला द्यावा.

ठाण्याचं_काम

कायद्याचं थोडक्यात. निदान पंधरा दिवस आधी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात प्रेक्षकांचा अंदाज, गेट किती, स्वयंसेवकांची यादी आणि दोन मोबाइल नंबर लिहा. यादी जोडली की बंदोबस्त मागणं सोपं जातं.

ध्वनिप्रदूषण नियम 2000 प्रमाणे उघड्यावर रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद असतो. सांस्कृतिक आणि धार्मिक कार्यक्रमांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस रात्री 12 पर्यंत सूट देऊ शकतं. नाटक रात्रभर चालतं, म्हणून वेळेचं ठाण्यात आधीच स्पष्ट बोलून घ्या. बाहेरच्या झाडावर भोंगे बांधू नका. बॉक्स मंडपातच, तोंड प्रेक्षकांकडे, आवाज मंडपापुरता. रागावून गेलेला टवाळ पहिली तक्रार आवाजाचीच करतो.

दारू पिऊन सार्वजनिक जागी धिंगाणा घातला तर महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाचं कलम 85 आणि भारतीय न्याय संहितेचं 355 लागतं. बाईला उद्देशून अश्लील बोलणं, हावभाव करणं यासाठी त्याच संहितेचं 79, अंगाला हात लावला तर 74, रंगपटात डोकावणं किंवा चित्रीकरण करणं यासाठी 77. कलम 79 आणि 77 गेटवरच्या फलकावर मोठ्या अक्षरात लिहा. चोरून चित्रीकरणाचा 2023 चा सिनेमाचा कायदा नाटकाला लागत नाही, पण कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 38 मध्ये कलाकारांना प्रयोगावर हक्क आहे, तिकिटावर "चित्रीकरणास मनाई" छापून घ्या.

मारामारी सुरू झाली तर पोलिसांसाठी 112 ला फोन. फोन करणारा एकच माणूस आधी नेमून ठेवा. दहा जण फोन करतात तेव्हा प्रत्येक जण वेगळी जागा सांगतो. फाट्यावर टॉर्च घेऊन एक जण उभा राहिला तर गाडी बांधीपर्यंत लवकर पोचते.

पटाचं_मंडळ

सगळ्यांचे मनापासून आभार. उतरवून घेतलं, रविवारी मंडळाच्या बैठकीत वाचतो. एकच राहिलं: लहान पोरं स्टेजसमोर धावतात, त्यांना कुठे बसवावं?

वैनगंगाकाठची

बल्लीच्या मागे बायांच्या बाजूला पहिली सतरंजी पोरांची. बचत गटाची एक बाई तिथेच बसेल. मध्यंतरापर्यंत बरीचशी झोपतात, म्हणून सतरंजीखाली तणस जाड टाका. आणि पोराच्या खिशात बापाचा मोबाइल नंबर लिहिलेली चिठ्ठी टाकायला गेटवरच सांगा.