लॉक झालेली हार्ड डिस्क कशी उघडलीत? आपापले अनुभव लिहा

मंडळी, सुरुवात मीच करते. २०१५ च्या सिंहस्थात आईबाबांना घेऊन रामकुंडावर गेलो होतो, ते सगळे फोटो एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर. बाबा आता नाहीत. पुढच्या कुंभाची कामं सुरू झालेली बघून आई म्हणाली ते फोटो काढ गं, आणि डिस्क लावली तर बिटलॉकरचा, म्हणजे विंडोजमधल्या डिस्कला कुलूप लावायच्या सोयीचा, पासवर्ड मागितला, जो ह्यांनी तेव्हा टाकलेला आणि आता काही केल्या आठवेना. एमजी रोडला एका दुकानात नेली, तो म्हणे फॉरमॅट मारून देतो, डिस्क वापरता येईल. अहो, मला डिस्क नकोय, फोटो हवेत! तशीच घरी आणली. मग पुतण्याने दाखवलं की पासवर्ड विचारतात तिथेच मोअर ऑप्शन्समध्ये ४८ आकडी रिकव्हरी की (पासवर्ड विसरला तर वापरायची जादा किल्ली) टाकता येते, आणि की आयडीची, म्हणजे कुठली किल्ली हवी त्या ओळखीची, पहिली आठ अक्षरं दिसतात ती जुळवून बघायची. ह्यांच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर दोन कीज होत्या पण दोन्ही लॅपटॉपच्या, एकीचाही आयडी जुळेना. आठवडाभर कपाटं उपसली तेव्हा जुन्या लॅपटॉपच्या बिलासोबत घडी घातलेली प्रिंट सापडली. मी वाचत गेले, हे टाईप करत गेले, सहा सहा आकड्यांचे आठ गट. उघडली! बाबा ओल्या धोतरात उभे, हातात तांब्या. आई कितीतरी वेळ बोललीच नाही.

तुमचं काय झालं? नसेल उघडली तरी लिहा.

सिडकोहून
माझ्या डिस्कला लॉक नव्हतंच. नवीन पीसीला लावली की फोल्डरवर ॲक्सेस डिनाइड यायचं, कारण फाईलींची मालकी जुन्या पीसीच्या युजरकडे राहिलेली. प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड, तिथे ओनर बदलला, झालं. आधी हे बघा, उगाच घाबरू नका.

सातपूरहून
आमच्या जुन्या कंपनीत एनक्रिप्ट केल्याशिवाय, म्हणजे बिटलॉकरने लॉक केल्याशिवाय, बाहेरच्या डिस्कवर काही कॉपीच करता यायचं नाही, मी घरची डिस्क लावून ओके दाबत गेलो आणि नोकरी सोडल्यावर घरी बसलो पासवर्ड आठवत. तिथल्या आयटीवाल्याला की आयडी कळवला, सर्व्हरवर की जपलेली होती, भल्या माणसाने कंपनीला विचारून दिली. घरच्या लॅपटॉपवर विंडोज होम आहे, त्यावर बिटलॉकर नव्याने लावता येत नाही पण लावलेलं उघडतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

दिंडोरीहून
आमची अजून बंद आहे. मोठ्या भावाची डिस्क, बागेचे दहा हंगामांचे हिशोब, फवारण्यांच्या नोंदी, सगळं त्यात, आणि तो गेल्या वर्षी गेला. हिचं लॉक डिस्कच्या आतल्या चिपमध्येच आहे, त्यामुळे केस उघडून डिस्क दुसरीकडे जोडली तरी नुसता कचरा दिसतो. रिकव्हरी की वगैरे नाही, पासवर्डच हवा, नाहीतर डेटा पुसून नव्याने वापरा. पाच वेळा चुकला की केबल काढून परत लावायची. रोज रात्री पाच-दहा टाकून बघतो, टाकलेले वहीत लिहितो, दीडशेच्या वर झालेत. वहिनी म्हणाल्या तो द्राक्षाच्या व्हरायटीचंच नाव ठेवेल. थॉमसन, सोनाका, शरद सीडलेस, सगळे पुढेमागे साल लावून झाले. आज माणिक चमन घेतोय.