प्रति: एकाच कोअरवर दोन विषय

अंटार्क्टिक मोहिमेवरच्या नवख्यांना एकमेकांचा विषय कसा शिकवायचा, या चर्चेत कुणीतरी म्हटलं की जीवशास्त्राच्या मुलांना भौतिकीची चार व्याख्यानं दिली की झालं. हे मत पटलं नाही. उत्तराखंडातल्या औलीत मोहिमेआधी बर्फावर निभावून न्यायला शिकवतात. दोन विषयांत नमुना वाटून घेणं मात्र मार्गदर्शकानंच शिकवायला हवं.

नवख्यांना समुद्री बर्फाच्या कोअरवर (बर्फात भोक पाडून काढलेल्या लांब दंडगोलावर) जोडीनं बसवा. कोअर बाहेर आला की आधी तापमान: दर 10 सेंमीवर बारीक भोक पाडून प्रोब (तापमापकाची सळई) घालायचा, तेही पटापट. मग लगेच तुकडे करून झाकणबंद डब्यात. रेंगाळलात तर खारं पाणी गळून जातं आणि क्षारता कमी दिसते.

खरी गोम वितळवण्यात आहे. क्षारतेसाठी तुकडा तसाच वितळवतात. शैवालाच्या पेशी मोजायच्या तर गाळलेल्या समुद्रपाण्यात, कारण क्षारता एकदम उतरली की नाजूक पेशी फुटतात. पण तेच पाणी क्षारतेच्या नमुन्यात पडलं की रसायनवाल्याचा दिवस वाया! म्हणून शेजारी-शेजारी दोन कोअर काढा. आणि किती मिली पाणी घातलं ते डब्यावरच लिहायला लावा (वहीत नको, वही तंबूत राहते). तो आकडा हरवला तर मूळ बर्फात पेशी किती होत्या, हे काढताच येत नाही.