गौरीचा तेरडा सुकला, माझं काय चुकलं?

परळची_सून: आमच्याकडे तेरड्याचीच गौर असते, मुळं म्हणजे गौरीची पावलं म्हणून दादरच्या फुलबाजारातून जुडी मुळासकट आणतो. यंदा पहिल्यांदाच सगळं मी केलं, सासूबाईंना आता होत नाही. विसर्जनाला एक काडी ठेवून घेतली आणि ग्रिलमधल्या कुंडीत लावली, चक्क जगली हो, गुलाबी फुलं पण आली! पण कोजागिरीनंतर पानं पिवळी पडायला लागली आणि काल तर झाड आडवंच झालं. पाणी रोज घालत होते, शेणखत पण दिलं. फार जीव लागला होता, काय चुकलं माझं?

डोंगरवेडा: ताई, काही चुकलं नाही. तेरडा एकाच मोसमाचा असतो, पावसात उगवायचं, भाद्रपदात फुलायचं, बी टाकायचं आणि संपायचं. भाद्रपदात सह्याद्रीचे जे उतार गुलाबी दिसतात ना तिथेही आता वाळलेल्या काड्याच असतील. झाड टाकू नका मात्र, आधी बोंडं बघा. लवदार, टपोरी, हिरव्याची पिवळट झालेली असतील तर अख्खं बोंड मुठीत घेऊन मगच दाबा, फाटकन फुटतं, साल आत गुंडाळते आणि गडद तपकिरी बिया उडतात. मूठ उघडी राहिली तर सगळ्या खालच्या छज्जावर!

कुंडीवाला: बिया सावलीत वाळवून कागदाच्या पुडीत ठेवा, प्लास्टिकमध्ये नको, बुरशी धरते. जूनमध्ये पाऊस लागला की पेरा, वर मातीचा पातळ थर फक्त. कुंडीत पाणी साचू देऊ नका, खोड पाणीदार असतं, लगेच सडतं. नर्सरीत बालसम म्हणून भरगच्च पाकळ्यांचा मिळतो तोही तेरडाच, पण मला डोंगरातला साधाच आवडतो, एकेरी पाकळ्या आणि मागे ती मधाची बारीक शेपटी.

बोरिवली_वेस्ट: नाहीतर पुढच्या पावसाळ्यात नॅशनल पार्कातून एखादं रोप आणून देतो की.

डोंगरवेडा: नको दादा प्लीज, तिथून काही उपटायचं नाही, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. आणि तिथलं बी तिथेच पडलं तर पुढच्या वर्षी उतार फुलणार ना.

परळची_सून: आत्ताच बघितलं, तीन बोंडं होती! एक हात लागताच फुटलं, ग्रिलबाहेर गेलं सगळं. दोन मुठीत धरली, अकरा बिया मिळाल्या. सासूबाईंनी पुडी बांधून देव्हाऱ्यात गौरीच्या मुखवट्याच्या डब्यात ठेवलीय.