भिंतीवरचं मुंडकं की पातेल्यातलं मटण? कुठली शिकार जास्त वाईट

करवीरी_वाचक

कोल्हापूरच्या न्यू पॅलेसचं, शिकारीच्या मुंडक्यांचं संग्रहालय बघून बाहेर पडणारी माणसं एक वाक्य हमखास बोलतात: "मौजेसाठी मारलं, खायला मारलं असतं तर एक वेळ समजलं असतं." मांसासाठीची शिकार माफीलायक आणि ट्रॉफीसाठीची, म्हणजे मुंडकं-शिंगं मिरवायला केलेली, पाप, हे आपण न तपासता मान्य करून टाकलंय. मला ते पटत नाही.

आपल्याकडं दोन्ही बंद आहेत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा शिकाऱ्याचा हेतू विचारत नाही. पण नैतिक बाजू बोलायची तर मारणाऱ्याच्या मनात काय होतं ह्याला मी फारसं मोल देत नाही. कुठलं जनावर पडलं, नर की गाभण मादी, किती हाल होऊन मेलं, आणि मागं किती उरली, हे बघायचं.

त्या हिशेबात सह्याद्रीच्या पट्ट्यात मांसासाठी होणारी शिकार आज सगळ्यात वाईट आहे. मोटारसायकलच्या क्लचची तार, सरकगाठ, डुकराच्या वाटेवर वीत-दीड वीत उंचीवर लावलेली. ती तार डुक्कर, भेकर, बिबट्या असा फरक करत नाही. लावणारा सकाळी आला नाही तर जनावर दोन-दोन दिवस तिथंच. कमरेत तार रुतलेले बिबटे सापडतात ते ह्यातूनच. बिबट्याला कुणी खाणार नव्हतं, तरी तो मांसाच्याच शिकारीत मेला. दुसरा प्रकार गावठी बॉम्बचा. आमिषात गुंडाळलेली दारू जबड्यात फुटते, जनावर मरत नाही, खाता येईना म्हणून उपाशी मरतं. मे २०२० मध्ये केरळात पालक्काडजवळ गाभण हत्तीण अशीच गेली.

ट्रॉफीवाला निदान एक जनावर निवडून, बघून मारतो. आता बोला.

भुदरगडी_गडी

राव, तुमी फासा आणि शिकार एकाच दावणीला बांधताय. तार लावणारा शिकारी न्हवं, तो चोर. पारध म्हंजे हाका. वीस-पंचवीस माणसं रान झोडत येणार, नाक्या-नाक्यावर बंदूकवाला बसणार, जनावर पडलं की तिथंच वाटे. बार लागला त्याला मानाचा वाटा, बाकी समान, हाक्याला आलेल्या पोराला पण. पावसात कोण पारधीला जात न्हवतं. आणि त्यातलं काय बी वाया जात न्हाई.

ट्रॉफीवाला काय करतो? हजार किलोच्या गव्याची शिंगं नेतो. उरलेलं कोल्ह्याला. ह्याला तुमी निवडून मारलं म्हणता?

आणि पोट भरायला मारणं आणि मिरवायला मारणं ह्यात फरक न्हाई म्हणता, मग बोकड कापणारा खाटीक आणि कुत्र्याला दगड घालणारा पण एकच की.

रंकाळा_पश्चिम

भुदरगडी दादा, "उरलेलं कोल्ह्याला" हे आफ्रिकेत तरी खरं नाही. नामिबियात १९९६ च्या कायद्यानं गावसमूहांना आपल्या हद्दीतल्या वन्यप्राण्यांवर हक्क मिळाले, त्यांना तिथं कॉन्झर्व्हन्सी म्हणतात. परदेशी शिकारी पैसे भरतो, शिंगं आणि कातडं नेतो, मांस गावात वाटलं जातं. म्हणजे एकाच जनावरात ट्रॉफीही आणि मटणही. आपण दोन वेगळ्या शिकारी समजून भांडतोय.

जवळचं उदाहरण मारखोरचं. पाकिस्तानात गिलगिट-बाल्टिस्तानला ह्या पिळदार शिंगांच्या रानबकऱ्याचे मोजके परवाने दर वर्षी लिलावात निघतात, एकेक लाख डॉलरच्या वर जातो, आणि त्यातले ८० टक्के स्थानिक लोकांना मिळतात. शाळा, दवाखाना, राखणदारांचे पगार त्यातून. पूर्वी तिथले लोक मारखोर मांसासाठीच मारायचे. आता एक म्हातारा नर लाखो रुपये देतो म्हटल्यावर चोरट्या शिकाऱ्याला गावच पकडून देतं. २०१५ मध्ये मारखोर आययूसीएन ह्या आंतरराष्ट्रीय निसर्गसंस्थेच्या यादीत 'संकटग्रस्त'मधून वर सरकून 'संकटाच्या उंबरठ्यावर' ह्या गटात आला. सगळं श्रेय शिकारीचं नसेल. पण खायला मारून हे झालं नसतं, एवढं नक्की.

गुरांचा_डॉक्टर

"काय बी वाया जात न्हाई" ह्यावर थांबतो, कारण हाक्याच्या शिकारीत वाया जाणारं जनावर वाट्यात मोजलंच जात नाही.

हाक्यात जनावर पळत समोर येतं. ठासणीच्या बंदुकीतले छर्रे पंचवीस-तीस पावलांपलीकडं पसरतात. पुढच्या पायामागं, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात बसले तर फुफ्फुस-काळीज फुटून जनावर शे-दीडशे पावलांत पडतं. धावत्या जनावराला नेम थोडा मागं पडला की पोट फुटतं. मागचं रक्त बघून हे ओळखता येतं: गुलाबी, फेसाळ असेल तर फुफ्फुस, गडद, काळपट असेल तर यकृत, पातळ, हिरवट, चाऱ्याचे कण असलेलं आणि वास मारणारं असेल तर पोट. पोटात लागलेल्या जनावराच्या मागं लगेच धावायचं नसतं, नाहीतर ते उठून मैलभर जातं. पाच-सहा तास थांबायचं असतं. पण हाक्याला आलेली माणसं थांबत नाहीत, आणि थांबली तरी आपल्या उन्हात तेवढ्या वेळात मांस गेलेलं असतं. निम्मी वेळ ते करवंदीच्या जाळीत मरतं आणि हाका पुढं जातो. तेही शिकारीतच मोजा.

आता जे मिळतं त्याबद्दल. शिसं फुटून बारीक कण होतात, डोळ्याला दिसत नाहीत, जखमेपासून वीतभर लांबही सापडतात. रस्सा आंबट असेल तर शिसं जास्त विरघळतं. लहान पोरांना आणि गरोदर बाईला हे मांस देऊ नये. रानडुकरात ट्रायकिनेला नावाचा जंत असू शकतो. मांस आतपर्यंत ७१ अंशाला शिजलं तर तो मरतो. पातेल्यात रटरटलेल्या रश्श्यात ते होतं, निखाऱ्यावर भाजलेल्या जाड तुकड्यात होईलच असं नाही. फ्रीजरवर भरवसा नको, ह्यातल्या काही जाती गोठूनही जगतात.

उसातला_कोल्हा

ह्या वादात कोल्हापूरची खास शिकार राहिलीच. चित्त्यांची! संस्थानात आफ्रिकेतून चित्ते आणून पाळले, डोळ्यांवर टोपी घालून बैलगाडीतून माळावर न्यायचे आणि काळविटावर सोडायचे. ती ना मटणासाठी ना मुंडक्यासाठी. शर्यत बघायला. तिला कुठल्या रकान्यात घालता?

शाहूपुरी_वकील

कोल्हा साहेब, तो तिसरा रकाना, मौजेचा, आणि माझ्या मते आजची ट्रॉफी शिकार त्यातच बसते. पैशाचा मुलामा नवा.

रंकाळा, तुमचं मारखोरचं उदाहरण खरं आहे, पण ते निवडक आहे. मारखोरचे नर मादीपासून बऱ्याच अंशी वेगळे राहतात, म्हातारा नर गेला तर कळपाचं फार बिघडत नाही. सिंहाचं तसं नाही. कळपाचा नर मारला की बाहेरचा नर कब्जा करतो आणि आधीची पिल्लं मारतो. भिंतीवर मुंडकं एक, रानात मेलेले पाच-सात. म्हणून अभ्यासकांनी सहा वर्षांखालचा नर मारू नये असा नियम सुचवला. वय ओळखायची खूण नाक: वय वाढतं तसं गुलाबी नाकावर काळे ठिपके वाढतात, निम्म्याहून बरंच जास्त काळं झालं तर सिंह पाच वर्षांच्या वरचा. आता सांगा, रोजचे हजारो डॉलर भरलेला, परतीचं विमान परवा असलेला माणूस दुर्बिणीतून नाकाचे ठिपके मोजत बसेल?

२०१५ चा सेसिल आठवा. झिम्बाब्वेतल्या ह्वांगे उद्यानातला सिंह, अभ्यासकांची कॉलर गळ्यात. आमिष टाकून हद्दीबाहेर काढला, बाण मारला, आणि तो कित्येक तास जखमी राहिल्यावर संपवला. "निवडून, बघून मारतो" म्हणजे हे.

शिवाय निवड हाच दोष आहे. कॅनडात अल्बर्टातल्या राम माउंटनवर रानमेंढ्यांची तीसेक वर्षांची नोंद आहे. मोठ्या शिंगांचे मेंढे सतत मारले गेले, आणि पुढच्या पिढ्यांत शिंगं लहान होत गेली. रानात वाघ-बिबट्या कमजोर उचलतो. ट्रॉफीवाला नेमका उलटा.

रंकाळा_पश्चिम

वकीलसाहेब, राम माउंटनचं मान्य. पण तिथला दोष शिंगाच्या मापावर परवाना देण्याचा होता. वयावर द्या, दोष जातो. नामिबियातले काळे गेंडे बघा: प्रजनन संपलेला, तरण्या गेंड्यांना भोसकणारा नर हेरून परवाना. २०१४ मध्ये अमेरिकेत डॅलसला लिलावात अशा एका परवान्याला साडेतीन लाख डॉलर आले. तो नर तसाही बाकीच्या गेंड्यांना भार होता.

केनियानं १९७७ पासून शिकार बंद केली, तरी तिथले वन्यप्राणी पुढच्या दशकांत घटतच गेले. बोत्स्वानानं २०१४ ला बंदी घालून २०१९ ला उठवली, कारण हत्तींच्या जाचाला कंटाळलेली गावं. बंदी म्हणजे रक्षण असं होत नाही.

करवीरी_वाचक

इथं मी रंकाळाच्याही विरोधात जातो. मी ट्रॉफी बरी म्हणालो ती फाशाच्या तुलनेत, राधानगरीत लिलाव करा म्हणून नाही. सिंहासाठी सुचवलेलं प्रमाण २,००० चौरस किलोमीटरमागं वर्षाला एक नर असं आहे. आपलं अख्खं राधानगरी अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटर. प्राणी वेगळा, पण अंदाज यावा. नामिबियाची मोकळी जमीन आणि बॉक्साइटच्या खाणी, धरणं, वाड्या-वस्त्यांमध्ये अडकलेलं आपलं रान ह्यांची बरोबरी नाही. १९५८ ला ह्याच अभयारण्यातलं दाजीपूर राखलं ते मुळात संस्थानचं शिकारीचं रान होतं म्हणून जंगल उरलं होतं, हे रंकाळा आता म्हणेलच, तर आधीच मान्य करून टाकतो.

भुदरगडी_गडी

गवा सोडा, तो एका वेताला एकच वासरू देतो, नऊ महिने पोटात. त्याला कोण हात लावा म्हणत न्हाई. डुकराचं बोला. रात्रीत भुईमुगाचं रान नांगरल्यागत करतंय, उसाच्या बुडख्याच्या कांड्या फोडून चोखतंय, उरलेला ऊस लोळतो. वनखात्याच्या परवानगीनं डुक्कर मारता येतं म्हणत्यात, पण मारलेलं घरी नेता येत न्हाई. पुरा म्हणत्यात. शेत आमचं खाल्लं, काडतूस आमचं, आणि दीड मणाचं मटण मातीत? ह्याच्याइतकं अनैतिक काय हाय?

शाहूपुरी_वकील

दादा, पुरण्यामागं कारण आहे. वन्यजीव कायद्याच्या कलम ३९ प्रमाणं परवानगीनं मारलेलं जनावरसुद्धा सरकारी मालमत्ता. केरळातही पंचायतींना डुक्कर मारायचे अधिकार २०२२ मध्ये दिले, मांस मात्र खायचं नाही. कारण पातेल्यात डुक्कर आणि सांबर सारखंच दिसतं. कायदेशीर डुकराच्या नावावर भेकर विकलं जाईल, आणि खात्री करायची तर नमुना हैदराबाद किंवा डेहराडूनच्या प्रयोगशाळेत पाठवायचा.

अमेरिकेचा अनुभव हाच. तिथं प्रवासी कबुतरं संपवली आणि बायसन संपत आणले ते बाजारासाठी मारणाऱ्यांनी. म्हणून तिथं आता परवाना काढून मारा, खा, पण रानातल्या शिकारीचं मांस विकायला बंदी. मुळाशी विक्री आहे. हॉटेलच्या मागच्या दारानं किलोवर पैसे मिळायला लागले की तुमचा समान वाट्याचा हाका दोन हंगामात संपला म्हणून समजा.

गुरांचा_डॉक्टर

डुकराच्या बाबतीत दोन्ही पक्ष चुकताय. डुक्कर ११५ दिवसांत वितं, एका वेताला चार-सहा पिल्लं, आणि उसात खायला-लपायला भरपूर असलं की मादी वर्षाच्या आत माजावर येते. संख्या खाली आणायची तर युरोपातला अनुभव असा की वर्षाला निम्म्याहून जास्त कळप काढावा लागतो, आणि त्यात माद्या आणि पाठीवर पट्टे असलेली पिल्लं हवीत. सुळेवाला मोठा नर हा ट्रॉफीवाल्याचाही आवडता आणि हाक्यातल्या बंदूकवाल्याचाही, कारण मांस जास्त. तो मारून शेतकऱ्याला काडीचा उपयोग नाही. दुसरा नर उद्या येतो. मादी मारली तर पिल्लं उपाशी मरतात, त्याची तयारी ठेवूनच परवाना मागा.

उसातला_कोल्हा

म्हणजे ज्याला मारून उपयोग त्याला कुणी मारायला तयार नाही, आणि ज्याला सगळे मारायला तयार त्याचा उपयोग नाही. 😀

रंकाळा_पश्चिम

विक्रीबंद, खायला परवानगी, असा मधला मार्ग करता येईल. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत नियम आहे की तपासणी होईपर्यंत नर-मादीची खूण अंगालाच राहिली पाहिजे. आपण म्हणू: कातडं आणि खूर न काढता वनखात्याच्या नाक्यावर आणा, वनरक्षक बघून शिक्का मारेल, मग घरी न्या. भेकराचं डुक्कर होणार नाही.

गुरांचा_डॉक्टर

कातडं अंगावर ठेवून? डुकराच्या कातड्याखाली चरबीचा जाड थर असतो, आतली उष्णता बाहेर पडत नाही. ३५ अंशात मांडीच्या हाडापाशी चार तासांत मांस आंबायला लागतं. पोट तासाभरात साफ केलं तरी हाडापाशी गरमच राहतं. नाक्यावर वनरक्षक येईपर्यंत मटण संपलं.

भुदरगडी_गडी

मग डिसेंबरात, रात्री मारायचं. थंडी असती.

करवीरी_वाचक

डिसेंबरात ऊसतोडीच्या टोळ्या फडाच्या कडेला पालात झोपलेल्या असतात, दादा. चुकलेली रायफलची गोळी कित्येक किलोमीटर जाऊ शकते. बॅटरीच्या उजेडात उसाच्या फडात बार टाकायची परवानगी कोण सही करून देणार, ते आधी सांगा.